जुन्या घराची दुरुस्ती स्वतः करताय? आधी घराची हिस्ट्री घ्या

गुढीपाडव्यापासून मृगाच्या पावसापर्यंत आणि पुन्हा गणपती उठल्यापासून दिवाळीपर्यंत, वर्षातून दोनदा आमच्या ओपीडीत एका विशिष्ट प्रकारचे पेशंट वाढतात. कुणाच्या पायात खिळा घुसलेला असतो, कुणाच्या डोळ्यात चुना उडालेला असतो, कुणी शिडीवरून पडलेलं असतं, तर कुणाचा आटोक्यात असलेला दमा चार दिवसांत उफाळलेला असतो. "काय करत होता?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "काही नाही डॉक्टर, घराचं थोडं काम काढलं होतं. घरच्या घरीच करत होतो."

हे "घरच्या घरी" करणं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. गवंडी आणि बिगाऱ्याची रोजंदारी आज कुठे पोचली आहे हे सगळ्यांना माहीत आहे. शिवाय वेळेवर मिस्त्री मिळत नाही. नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला हाताला काम मिळतं, अंगाला घाम येतो, स्वतः रंगवलेल्या खोलीत बसल्याचं समाधानही मिळतं. या सगळ्याचा शरीराला आणि मनाला फायदाच आहे.

माझं म्हणणं वेगळं आहे. नवीन फ्लॅटमध्ये एक कपाट ठोकणं आणि पन्नास-साठ वर्षांच्या घराची भिंत फोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. जुन्या घरात धोका हातोड्यात कमी आणि भिंतीत जास्त असतो. ती भिंत कशाची आहे, तिच्यावर कोणत्या काळातला रंग आहे, तिच्या आत कोणती वायर आहे आणि तिच्या फटीत कोण राहतं, हे माहीत नसताना आपण तिला हात घालतो. कुठलाही शहाणा डॉक्टर पेशंटची हिस्ट्री घेतल्याशिवाय ऑपरेशन करत नाही. जुन्या घरालाही हाच नियम लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पूर्वीचे लोक करतच होते की!

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो योग्य आहे. आपल्या मराठवाड्यात घराची दुरुस्ती ही घरच्या माणसांचीच कामगिरी होती. सणासुदीला चुना, आठवड्याला सारवण, पावसाळ्याआधी माळवदावर गढीची पांढरी माती टाकून धुमसणं, हे सगळं घरची माणसंच करायची. त्यासाठी कुणी ठेकेदार बोलावत नव्हतं.

पण तीन गोष्टी बदलल्या आहेत. पहिली म्हणजे हत्यारं. तेव्हा हातात पहार, थापी आणि कुंचला होता. आज कटर, ग्राइंडर आणि ड्रिल मशीन आहे. छिन्नीने दिवसभरात उडणार नाही एवढी बारीक धूळ कटर पाच मिनिटांत उडवतो. दुसरी गोष्ट म्हणजे साहित्य. माती, शेण, चुना आणि लाकूड यांच्या जोडीला गेल्या साठ-सत्तर वर्षांत ऑइल पेंट, सिमेंट, सिमेंटचे पत्रे आणि विजेच्या वायरी आल्या. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे जाणकार माणसं गेली. कोणता खांब हलवायचा नाही, कोणत्या भिंतीवर तुळई टेकलेली आहे, हे सांगणारे आजोबा आता घरात नाहीत. त्यांची जागा मोबाईलवरच्या व्हिडिओने घेतली आहे. तो व्हिडिओ चुकीचा असतोच असं नाही, पण तो तुमच्या घराचा नसतो. आरसीसीच्या किंवा प्लायवूडच्या भिंतीवर दाखवलेली युक्ती जुन्या जालन्यातल्या किंवा अंबडमधल्या दगड-मातीच्या वाड्याला चालेलच असं नाही.

पहिला प्रश्न : वजन कशावर आहे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. माझ्या पिढीतला मराठवाड्याचा माणूस ती पहाट विसरलेला नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं झोपेतच गेली. इतकी माणसं का गेली, याचा अभ्यास झाला तेव्हा जी कारणं पुढे आली त्यात घरांची बांधणी हे मोठं कारण होतं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद. दरवर्षी गळती थांबवायला नवी माती टाकायची, जुनी तशीच ठेवायची. असं करत करत पिढ्यान्‌पिढ्या माळवदाचं वजन वाढत गेलं होतं. लोकांनी घर टिकावं म्हणून दरवर्षी स्वतःच्या हाताने केलेली दुरुस्ती त्या पहाटे त्यांच्याच अंगावर आली.

आपल्याकडे भूकंप रोज होत नाही. पण मुसळधार पावसात जुन्या घराची भिंत पडून माणसं दगावल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. अशा घरात दरवाजा रुंद करण्यासाठी भिंत तोडणं, कोनाडा मोठा करणं, मधला खांब काढून हॉल करणं, ही कामं स्वतः करू नयेत. मातीत रचलेल्या दगडी भिंतीला बहुतेक वेळा आतून आणि बाहेरून असे दोन थर असतात, मधे दगड-मातीची भर असते. बाहेरचा थर शाबूत दिसतो, आतली भर खचलेली असते. एक दगड काढला की पुढचे चार आपोआप येतात.

आणखी एक गोष्ट. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून "पक्की" करण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. मातीची भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आतच राहते, भिंत आतून भुसभुशीत होते आणि खोलीत बुरशी धरते. बुरशीच्या वासाच्या खोलीत झोपणाऱ्या दम्याच्या मुलाला कितीही पंप दिले तरी खोकला का थांबत नाही, याचं उत्तर कधी कधी त्या भिंतीत असतं.

घर पाडायच्या किंवा वाढवायच्या आधी मुहूर्त बघायला आपण विसरत नाही. वास्तुशास्त्राच्या जाणकाराला बोलावून दिशा विचारतो. जरूर विचारा. पण त्याच आठवड्यात एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला किंवा निदान माळवदाचं काम केलेल्या जुन्या गवंड्याला बोलावून "वजन कशावर आहे?" हेही विचारा. त्याची फी तुमच्या एका एक्स-रेच्या आणि प्लास्टरच्या खर्चाच्या आसपासच असेल.

दुसरा प्रश्न : धूळ कशाची आहे?

"धूळच तर आहे, तोंडाला रुमाल बांधतो," असं म्हणणाऱ्यांसाठी हा भाग आहे.

डोळ्यांना दिसणारी धूळ नाकात आणि घशात अडकते, शिंकेतून-खोकल्यातून बाहेर पडते. न दिसणारी धूळ जास्त वाईट, कारण ती थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचते. रुमाल, गमछा किंवा साधा कापडी मास्क ही बारीक धूळ अडवत नाही. कोरोनाच्या काळात आणलेले एन-९५ मास्क घरात असतील तर ते वापरा, आणि ते चेहऱ्याला घट्ट बसले पाहिजेत. दाढी असेल तर कडेने हवा शिरते.

काँक्रीट, वीट, ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल कापताना किंवा वायरिंगसाठी भिंतीला झिरी मारताना जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. ही सिलिका वर्षानुवर्षं छातीत जात राहिली की सिलिकोसिस होतो. या आजारावर फुफ्फुस पूर्ववत करणारं औषध नाही, आणि सिलिकोसिस झालेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यता कितीतरी पट वाढते. तुम्ही दोन दिवस घरात कटर चालवला म्हणून तुम्हाला सिलिकोसिस होईल असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. पण दमा, सीओपीडी, किंवा पूर्वी टीबी होऊन गेलेला असेल, तर दोन दिवसही पुरेसे असतात. अशा पेशंटना धुळीनंतरच्या रात्री ऑक्सिजन लावावा लागलेला मी पाहिला आहे.

जुन्या घरात धुळीत आणखी भर असते. माळवदाच्या मातीत आणि पोटमाळ्यावर उंदीर-घुशींची आणि कबुतरांची वर्षानुवर्षांची विष्ठा असते. कोरड्या झाडूने ती झाडली की हवेत उडते. कबुतरांच्या विष्ठेमुळे काही जणांच्या फुफ्फुसाला ॲलर्जीची सूज येते आणि ती वेळेत ओळखली नाही तर कायमचं नुकसान होतं. म्हणून साधा नियम ठेवा : आधी पाणी शिंपडा, ओली करा, मग फावड्याने उचला. कोरडं झाडू नका.

तिसरा प्रश्न : पत्रा कोणता आहे?

मागच्या पडवीवर किंवा गोठ्यावर करड्या रंगाचा, पन्हाळीचा, ठोकला की लोखंडासारखा न वाजणारा पत्रा असेल, तर तो बहुधा ॲस्बेस्टॉसचा सिमेंट पत्रा आहे. आपल्या देशात या पत्र्यांवर बंदी नाही, पण जगातल्या ६० हून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसचा वापर बंद केला आहे. कारण त्याचे सूक्ष्म धागे श्वासातून गेले तर फुफ्फुसाचा आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो, आणि तो व्हायला २०, ३०, कधी ४० वर्षं लागतात. त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड कुणी घालतच नाही.

घाबरून आजच पत्रे उतरवू नका. न फुटलेला, जागेवर बसलेला पत्रा फारसा त्रास देत नाही. धोका त्याला कापण्यात, भोकं पाडण्यात, घासण्यात आणि फोडण्यात आहे. काढायचाच असेल तर पाण्याने भिजवून, बोल्ट सोडवून, अख्खा उतरवा. आणि कृपा करून त्याचे तुकडे अंगणात भर म्हणून टाकू नका. तिथे मुलं खेळतात. या पत्र्याचा आणखी एक दोष आहे : तो माणसाचं वजन पेलत नाही. पत्र्यावर पाय दिला आणि पत्र्यासकट खाली आले, अशी माणसं मराठवाड्यातल्या कोणत्याही हाडांच्या डॉक्टरला विचारा.

चौथा प्रश्न : रंग कधीचा आहे?

जुन्या लाकडी दारं-खिडक्यांवर आणि लोखंडी गजांवर ऑइल पेंटचे पाच-सहा थर असतात. पूर्वीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांत आणि लोखंडाला लावायच्या शेंदरी प्रायमरमध्ये, शिसं सर्रास असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम ठरवणारे नियम २०१६ साली निघाले आणि उत्पादकांना ते २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. म्हणजे त्याआधीचा रंग घासत असाल तर तो शिशाचा आहे असंच समजून चाला.

शिसं सगळ्यात जास्त नुकसान सहा वर्षांखालच्या मुलांचं आणि पोटातल्या बाळाचं करतं. बुद्धी, एकाग्रता, वागणूक या सगळ्यावर त्याचा परिणाम होतो, आणि रक्तातली शिशाची कोणतीही पातळी मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही. बाहेरून काहीच दिसत नाही. मूल हसतं-खेळतं असतं. रांगणारं मूल जमिनीवरच्या धुळीत हात घालतं आणि तोच हात तोंडात घालतं, एवढंच घडतं.

म्हणून जुना रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका आणि ब्लो लॅम्पने जाळून तर मुळीच काढू नका. पाण्याने ओलं करून वॉटर पेपरने घासा, खाली प्लास्टिक अंथरा, पडलेले पोपडे गोळा करून नीट टाका, फरशी ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे वेगळे धुवा. आणि जिथे रंग पक्का बसलेला आहे तिथे तो खरवडण्याचा हट्ट सोडून त्यावरच नवा हात मारा.

आपल्याकडे एक सवय आहे : घरात काम चालू असताना सगळं कुटुंब एका खोलीत, आणि काम शेजारच्या खोलीत. पुढच्या आठवड्यात उलट. गरोदर सून आणि दोन वर्षांचा नातू यांना तेवढे पंधरा दिवस माहेरी किंवा नातेवाइकांकडे पाठवा. या लेखातून एकच सूचना पाळायची ठरवली, तर ती ही पाळा.

चुना : सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

कळीचा चुना भिजवताना तो उकळतो, उडतो. ओला चुना डोळ्यात गेला तर तो भाजतो, आणि ॲसिडपेक्षा खोल जातो. बुबुळ कायमचं पांढरं होऊ शकतं. अशा वेळी डोळ्यात दूध, तूप, गुलाबपाणी, मध काही घालू नका. "चुन्यावर लिंबू" हा हिशोब तर डोळ्यात अजिबात चालवू नका. पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार लावा, किमान २० ते ३० मिनिटं. कण दिसत असतील तर ओल्या स्वच्छ कापडाने टिपून घ्या. त्यानंतरच डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघा. दवाखान्यात पोचायची घाई करण्यापेक्षा घरातल्या हौदावरची ती वीस मिनिटं डोळा वाचवतात. चुना भिजवताना आणि छताला लावताना साधा गॉगल लावा, आणि मुलांना चुन्याच्या टिपाजवळ फिरकू देऊ नका.

वीज : बटण बंद म्हणजे करंट बंद, असं नाही

जुन्या वायरिंगमध्ये अनेकदा बटण न्यूट्रलवर जोडलेलं असतं. दिवा विझतो, पण होल्डरमध्ये करंट असतो. लाकडी पट्टीतल्या वायरचं रबर हात लावताच गळून पडतं. अर्थिंग असतंच असं नाही. त्यात भिंत ओली, पाय अनवाणी आणि शिडी ॲल्युमिनियमची.

जुन्या घरात वायरिंगचं काम स्वतः करू नका, हे माझं सरळ मत आहे. रंगकाम, सफाई किंवा ड्रिलिंग स्वतः करणार असाल तरी आधी मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनकडून ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती होताच तो क्षणार्धात वीज तोडतो. वर मी धूळ ओली करा म्हटलं आहे, पण विजेवरच्या कटरवर कुणी बाटलीने पाणी ओतत उभं राहत असेल तर तो दुसरा मृत्यू आहे. ओल्या कटिंगसाठी बनवलेलं यंत्र आणि आरसीसीबी दोन्ही असेल तरच ते करा.

कुणाला शॉक लागला तर त्याला हात लावू नका. मेन बंद करा. तो श्वास घेत नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला लावा. कांदा, चप्पल, माती यांत वेळ घालवू नका. शुद्धीवर आलेल्या माणसाचाही ईसीजी काढून घ्या.

फटीतले रहिवासी

दगडाच्या भिंतीतला दगड काढताना किंवा वर्षानुवर्षं पडून असलेली लाकडं हलवताना विंचू निघतो हे आपल्याकडे नवीन नाही. लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी गंभीर रुग्णांपैकी ३० ते ४० टक्के माणसं दगावत. हे चित्र बदलण्यात मोठा वाटा आहे आपल्याच जिल्ह्यातल्या, भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावात जन्मलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचा. रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात काम करताना त्यांनी प्राझोसिन या बीपीच्या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि हे मृत्यू अगदी थोड्यांवर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जगभरच्या पुस्तकांत गेलेला हा उपचार आपल्या मातीतल्या माणसाने दिला आहे, आणि तरीही आपल्याच गावांत विंचू चावल्यावर पहिले दोन तास मंत्र आणि झाडपाल्यात जातात, याचं मला वाईट वाटतं.

नुसतं खूप दुखत असेल तर बहुतेक वेळा जिवाला धोका नसतो. पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, धाप लागणं ही लक्षणं दिसली, विशेषतः मुलांमध्ये, तर एक मिनिटही न थांबता सरकारी दवाखाना गाठा. कापू नका, घट्ट बांधू नका, आणि प्राझोसिन स्वतःहून देऊ नका. साप चावल्याचा नुसता संशय असला तरी हेच. फटीत उघडा हात घालू नका, जाड हातमोजे आणि बूट घाला, एवढ्याने निम्मं काम होतं.

खिळा आणि ते "सहा महिन्यांचं इंजेक्शन"

धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, आणि आपलं जुनं घर म्हणजे माती आणि शेणच. खिळा फक्त त्यांना आत पोचवतो. दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घ्यावं लागतं हा गैरसमज आहे. लहानपणी पूर्ण लसीकरण झालं असेल तर दर १० वर्षांनी एक डोस, आणि जखम घाण असेल व शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटली असतील तर तेव्हा एक डोस, एवढं पुरतं.

अडचण दुसरीच आहे. मुलांचं लसीकरण होतं, गरोदर बायकांचं होतं. पण पन्नाशी-साठीच्या किती पुरुषांचं मूळ लसीकरण पूर्ण झालं होतं, हे त्यांनाही माहीत नसतं. अशा माणसाला घाण जखम झाली तर एक इंजेक्शन पुरत नाही. सोबत इम्युनोग्लोब्युलिन आणि पुढचे डोस लागतात. म्हणून काम काढण्याआधीच टीडीची लस घेऊन ठेवा. सरकारी दवाखान्यात ती मिळते.

घराबरोबर स्वतःचीही हिस्ट्री घ्या

आता काम करणाऱ्या माणसाकडे वळू. साठीचा माणूस शिडीवर चढतो तेव्हा त्याच्यासोबत त्याची शुगर, बीपी, गुडघे आणि चष्माही चढतात.

हृदयासाठी किंवा पॅरालिसिससाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सहा फुटांवरून पडणंही मामुली नसतं. डोक्याला मार लागल्यावर त्या दिवशी सगळं ठीक वाटतं, आणि दोन-तीन आठवड्यांनी माणूस अडखळायला, विसरायला, डोकं दुखतं म्हणायला लागतो. घरचे म्हणतात, वय झालं. आत मेंदूवर हळूहळू रक्त साचलेलं असतं. ते वेळेत काढलं तर बहुतेक माणसं बरी होतात. म्हणून अशा पेशंटने डोक्याच्या माराची माहिती डॉक्टरपासून लपवू नये, "शिडीवर कशाला चढलात" म्हणून आम्ही रागावलो तरी.

मधुमेह जुना असेल तर पायाला बधिरपणा असतो. खिळा घुसला तरी कळत नाही, चौथ्या दिवशी मोज्याला पू लागल्यावर कळतं. अशा माणसाने बुटाशिवाय कामाच्या जागी पाऊलही टाकू नये आणि रोज रात्री तळवे बघावेत. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार असताना दुपारी माळवदावर काम म्हणजे उष्माघाताला निमंत्रण. काम सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर करा.

मग स्वतः काय करावं?

बरंच काही. खांद्याच्या उंचीपर्यंतचं रंगकाम, दारांना तेल आणि पॉलिश, अंगण, ओट्याचं सारवण, सामान लावणं, जुन्या वस्तूंची निवड, फरशी ओली पुसणं. हे सगळं करा, मुलांना सोबत घ्या, दर तासाला दहा मिनिटं बसा. पण वजनाची भिंत, वीज, छत-पत्रा आणि कटर ही चार कामं सोडा. माझ्या मते ही रेघ पैशाकडे बघून ओढायची नसते, ती जिवाकडे बघून ओढायची असते.

आणि आता एक गोष्ट, जी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ती चार कामं तुम्ही सोडलीत म्हणजे धोका संपला असं नाही. तो तुमच्या छातीवरून दुसऱ्याच्या छातीवर गेला. तुम्ही दोन दिवस खाल्ली असती ती धूळ कटरवाला पोरगा वर्षाचे तीनशे दिवस खातो. सिलिकोसिस होतो तो त्याला. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये सिलिकोसिसच्या रुग्णांसाठी स्वतंत्र धोरण आणलं, कारण तिथे खाणकामगारांची आणि दगड घडवणाऱ्यांची मोठी संख्या या आजाराने ग्रासली होती. आपल्याकडे असा कामगार खोकत येतो, टीबीची औषधं घेतो, बरा वाटला की पुन्हा कटर हातात घेतो. कटरचा प्रश्न त्याला कुणी विचारतच नाही.

म्हणून ज्याला काम द्याल त्याला एन-९५ मास्क द्या, गॉगल द्या, आरसीसीबीवरून लाइन द्या, माळवदावर दुपारी चढवू नका. मास्क तो नको म्हणेल, "सवय आहे साहेब" म्हणेल. तुमच्या मुलाला जसं हेल्मेट घालायला लावता तसं त्याला मास्क घालायला लावा. रोजंदारीत घासाघीस करून वाचवलेले शंभर रुपये त्याच्या फुफ्फुसातून वसूल करायचे नसतात.

काम काढण्याआधी एका कागदावर सहा ओळी लिहा : घर कधीचं, भिंत कशाची, वजन कशावर, रंग कधीचा, वायरिंग कधीचं, पत्रा कोणता. खाली घरातल्या माणसांची नावं लिहा, आणि नावापुढे वय, आजार आणि चालू गोळ्या. ज्या ओळीपुढे उत्तर लिहिता येणार नाही, तिथे हात घालण्याआधी जाणकाराला विचारा. अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्याकडे पेशंट आला की आम्ही हेच करतो.